काकूंचं जर्मन आणि छतावरची डावखुरी

आमच्याकडे देवळाला भांडं द्यायचं असलं की आधी त्यावर नाव घालून घेतात, मग देतात. तसं या लिखाणावर मी आधी नाव घालते. रूथबाई. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, मक्याच्या शेतांमधल्या एका लहानशा गावात त्या राहतात. वय ऐंशीच्या पुढं. तिथल्या चर्चच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असतात. त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते सांगायचं म्हणून लिहायला बसले आहे, बाकी प्रवास त्याच्या मागोमाग येईल. माझी शाळा सातवीत सुटली. त्यामुळं ऱ्हस्वदीर्घ भाचीनं तपासून दिलंय. वाक्यं मात्र माझी आहेत.

२००६ साली भाचीच्या, मेधाच्या, बाळासाठी मी सहा महिने डब्लिनला गेले होते. हे डब्लिन कोलंबस शहराला लागून आहे. आपली पुण्यामुंबईची पोरं तिथं भरपूर. घरं सगळी एकासारखी एक, दारापुढचं गवतही एकाच उंचीचं. पहिल्याच आठवड्यात मी दुसऱ्याच्या दारात जाऊन घंटी वाजवली होती, तेव्हापासून एकटीनं घराबाहेर पडायला मी धजत नसे. एकच वाट मला पाठ होती, डॉक्टरकाकांच्या घरची.

शुक्रवार, डब्लिन

डॉक्टरकाका मूळचे नागपूरचे. ऐन तिशीत अमेरिकेत आले, तिथंच निवृत्त झाले. त्यांच्या पत्नी, कुसुमकाकू, त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी गेल्या. नात्यानं ते माझे कुणी नव्हेत, पण माणूस एकटा आणि डोळे चाललेले, म्हणून रोज सकाळी जाऊन मी त्यांच्या दोन पोळ्या आणि भाजी करून यायची. डोळ्यांचं ते स्वतःच सांगायचे, दुसऱ्याच्या आजाराबद्दल बोलावं तसं. "मध्ये भोक पडलंय, शोभा. कडा शिल्लक आहेत." समोरच्या माणसाचं तोंड बघायचं तर ते मान वळवून भलतीकडे बघत, म्हणजे डोळ्याच्या कडेला तो माणूस यायचा.

मुलगा बेलव्ह्यूला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तो म्हणाला, बाबा, आता तिकडं नको, इकडं या. घर विकलं गेलं. सोमवारी सामान न्यायला माणसं येणार होती, मंगळवारचं विमान होतं. त्याआधी काकांना एकच गोष्ट करायची होती. काकूंच्या आठवणीसाठी एका चर्चला एक वस्तू द्यायची. तिथल्या छतावर कुणा जुन्या पेंटरची चित्रं आहेत, ती कडेकडेनं का होईना, दिसतायत तोवर बघून घ्यायची. शनिवारी मेधाचा नवरा, सलील, त्याच बाजूच्या एका कारखान्यात कामाला जाणार होता. तो आम्हाला सकाळी सोडणार आणि संध्याकाळी घेऊन येणार असं ठरलं.

शुक्रवारी मी निघताना काका म्हणाले, "शोभा, स्वयंपाकघरातलं ते जर्मन नीट गुंडाळून पिशवीत घाल. जपून. हिचं आहे ते."

आता आमच्या गडहिंग्लजकडं जर्मन म्हणजे काय ते सांगायला नको. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनची कढई. ॲल्युमिनियम हा शब्द मी अमेरिकेत जाऊन ऐकला. काकूंचं जर्मनचं पातेलं सगळ्यात वरच्या फळीवर होतं. लग्नानंतरच्या पहिल्या ट्रंकेत नागपूरहून आणलेलं, एका बाजूला पोचा आलेला, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं. काका ते कुणाला वापरू देत नसत. गेलेल्या माणसाच्या नावानं देवाच्या दारी भांडं देतात हे मला माहीत होतं. चर्चमध्येही देत असतील. मी पातेलं चिंचेनं घासलं, दोन टॉवेलांत गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. मला तर काकांचं कौतुकच वाटलं. इतकी वर्षं इथं राहून रीत विसरले नाहीत.

चुलीशेजारच्या भिंतीवर एक लहानसं चित्र होतं. पाटाएवढं. खिडकीशी बसून एक बाई सफरचंद सोलते आहे. त्याच्या खालीच उभी राहून मी चार महिने पोळ्या लाटल्या. ते चित्र मी तिथंच ठेवून, दिवा बंद करून घरी आले.

शनिवार, रस्त्यात

ऑक्टोबरातला ओहायो मला आवडला. मका काढून झालेला, उरलेली ताटं पिवळी पडलेली, मधूनमधून लाल रंगाची मोठाली गोठ्याची घरं आणि शेजारी धान्याच्या उंच टाक्या. दाराच्या पायऱ्यांवर भोपळे मांडलेले. एवढे भोपळे खातात का, असं मी विचारलं, तर सलील म्हणाला, नाही मावशी, कोरून आत दिवा लावतात. आमच्याकडं भोपळा बाईमाणूस आधी फोडतसुद्धा नाही, पुरुषाच्या हातनं सुरी लावून घेते. ज्याचं त्याला.

जमीन सपाट. इतकी, की गाव दिसायच्या आधी त्याच्या चर्चचं टोक दिसतं. एक टोक मागं पडतं न पडतं तोवर दुसरं पुढं उगवतं. आमच्याकडं लांबून देवळाचा कळस दिसला की हात आपोआप जोडले जातात, तसे माझे दोनदा जोडले गेले.

सलील गाडी चालवता चालवता बोलत होता. "मावशी, गूगल केलं मी ते चर्च. भारी आहे, यार. जर्मन पेंटर होता. एकट्यानं आख्खं सीलिंग केलंय."

मी विचारलं, "कसला पेंटर?"

"जर्मन. म्हणजे जर्मनीहून आलेला. काकांच्या किचनमध्ये त्याचंच पेंटिंग आहे ना, काकूंनी घेतलेलं, तेच तर द्यायचंय."

माझ्या मांडीवरची पिशवी एकदम जड झाली. टॉवेलांतून पातेल्याचा गोल काठ हाताला लागत होता. गाडी थांबवा म्हणावं, तर आम्ही निम्म्याच्या पुढं आलेलो आणि सलीलच्या कानात तोवर ऑफिसचा फोन सुरू झालेला. मी कसंबसं म्हटलं, "काका, ही पिशवी..."

"जपून धरलीस ना?"

"हो."

"बस. मग काही काळजी नाही," म्हणाले आणि डोळे मिटून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी पिशवी नुसती नीट धरून बसले.

शनिवार, चर्चमध्ये

रूथबाई दारातच उभ्या होत्या. उंच, किंचित वाकलेल्या, अंगात निळा स्वेटर, पांढरे केस मागं घट्ट बांधलेले. चर्चला लागून एक मोठं स्वयंपाकघर आहे, गावजेवणाचं. आपल्याकडं देवळामागं पंगतीची जागा असते तसंच. तिथल्या टेबलावर त्यांनी पांढरं कापड घालून ठेवलं होतं, खास त्या चित्रासाठी. सलील आम्हाला पोचवून कामाला गेला. काकांनी मला खूण केली. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि मागं सरकून भिंतीला टेकले.

रूथबाईंनी एक टॉवेल काढला, दुसरा काढला. पांढऱ्या कापडावर पातेलं चकचकत बसलं.

त्या बघत राहिल्या. मग काकांना त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, हेही हाइनरिशचंच आहे का? पेंटरचं नाव हाइनरिश. एवढं इंग्रजी मला समजलं आणि जमीन फाटली तर बरं असं झालं.

काकांना नुसतं काहीतरी चमकतंय एवढंच दिसत असावं. त्यांनी हात पुढं केला. बोटं काठावर गेली, पोच्यावर थांबली. मग अंगठा काठाखालच्या ठिपक्यांवरून हळूहळू सरकला. एक अक्षर, दुसरं, तिसरं. ओठ हलले. "कुसुम," ते म्हणाले.

रूथबाईंनी पातेलं हळूच त्यांच्या आणखी जवळ सरकवलं.

"शोभा, हे तू आणलंस?"

"तुम्हीच म्हणालात, स्वयंपाकघरातलं जर्मन."

"अगं, ते जर्मन! भिंतीवरचं!"

एवढं बोलून त्यांनी तोंडावर हात घेतला. मला वाटलं, आता रडतात. पण त्यांचे खांदे हलायला लागले आणि हसूच फुटलं. चार महिन्यांत मी त्यांना एकदाही हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी रूथबाईंना समजावलं, की आमच्या भाषेत या धातूचं नावच जर्मन आहे. रूथबाईंनी पातेलं दोन्ही हातांनी उचललं, त्यात स्वतःचं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, माझं सगळं घराणं जर्मन, पण आमच्यात एवढं चकचकीत कुणी निघालं नाही.

हसू ओसरलं तसे काका खुर्चीत बसले. सोमवारी सामान जाणार, मंगळवारी ते जाणार. सलीलला पुन्हा सुट्टी नाही, काकांना गाडी चालवता येत नाही, मला तर कधीच येत नव्हती. "राहिलं मग," ते म्हणाले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

रूथबाई म्हणाल्या, आधी छत बघा. मग बघू.

आत अंधुक होतं. त्यांनी दिवे लावले आणि वर निळं आभाळ उघडलं. त्यात माणसंच माणसं, दाढीवाले, टोपीवाले, पंखवाली मुलं. काकांनी मान वळवून पाहिलं, जमेना. मग बाकावर सरळ आडवे झाले आणि डोकं इकडून तिकडं फिरवू लागले. रूथबाई इंग्रजीत कोण कोण ते सांगायच्या, मी मराठीत दिसतंय तसं सांगायची, आणि मध्ये पडल्या पडल्या काका दोघींचं एकमेकींना पोचवायचे.

हाइनरिशची गोष्ट मला तिथं कळली, ती अशी. ऱ्हाइन नावाच्या नदीकाठचं त्याचं गाव. दीडएकशे वर्षांपूर्वी रंगांची एक पेटी घेऊन तो आला. आधी गाड्यांची चाकं आणि दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग शेतकऱ्यांच्या घरी राहून घरच्यांची चित्रं काढू लागला. चित्र वाळेपर्यंत त्याच घरी जेवायचा आणि निघताना कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एक फूल रंगवून जायचा, घरच्या बाईसाठी. आतून का, तर कपाट उघडणार तीच. गावात अजून काही घरांत ती दारं आहेत. कपाट मोडलं तरी दार ठेवलेलं आहे.

पुढं चर्चचं काम त्याला मिळालं. देवाची माणसं काढायला त्यानं गावातलेच चेहरे घेतले. तो हातात किल्ली घेतलेला पीटर म्हणजे इथला लोहार. ती लाल केसांची पंखवाली पोर म्हणजे रूथबाईंची आजी. येशूला दगा देणारा यहूदा व्हायला मात्र कुणी तयार होईना. तेव्हा हाइनरिशनं तिथं स्वतःचं तोंड काढलं. मी बघितलं. नाक मोठं, डोळे बिचारे. गावात वर्षानुवर्षं राहून जेवलेला परका माणूस, कुणाला वाईट वाटू नये म्हणून ती जागा त्यानं घेतली. मला त्याच्याबद्दल फार माया वाटली.

त्याची बायको मागं राहिली होती. सुगी झाली की ती येणार, असं तो दरवर्षी सांगायचा. ती आली की नाही, कुणाला माहीत नाही. त्याची कबर चर्चच्या मागं आहे, एकट्याचीच.

छताच्या कडेला, स्वयंपाकघराच्या दारावर येईल अशा जागी, एक बाई मोठ्या भांड्यातून वाढत होती. रूथबाई म्हणाल्या, ती मार्था. येशू घरी आला तेव्हा बाकीचे बसून ऐकत होते आणि ही राबत होती. छतावरच्या प्रत्येक चेहऱ्याला इथं घराणं आहे, फक्त मार्था कुणाचीच नाही. त्यावरून दोन घरांत भांडणही झालेलं आहे.

मी बघत होते ते वेगळंच. डाव तिच्या डाव्या हातात होता.

मी जन्माची डावखुरी. चिरणं, लाटणं, सगळं डाव्या हातानं. पण वाढताना नाही. नवीन लग्न झालेलं असताना सासरच्या पंगतीत घाईघाईत मी डाव्या हातानं लापशी वाढायला गेले, तर एका पाहुण्यांनी पान मागं ओढलं होतं. बोलले काहीच नाहीत. त्या दिवसापासून डाव उजव्या हातात. आणि इथं देवाच्या घरात, सगळ्या गावाच्या डोक्यावर, ही बाई डाव्या हातानं वाढत बसलेली, आणि तिच्यापुढचं ताट कुणी मागं ओढलेलं नाही.

"काका," मी म्हटलं, "ही डावखुरी आहे. तुमच्या स्वयंपाकघरातल्या बाईसारखी. हनुवटीवर तीळसुद्धा तिथंच आहे."

काका कोपरावर उठले. "ती बाई डावखुरी आहे?"

"सफरचंद डाव्या हातानं सोलते की."

ते परत आडवे झाले. मग म्हणाले, "हिला, कुसुमला, ठाऊक असणार. दिवसभर दोघी समोरासमोर असायच्या." आणि त्यांनी रूथबाईंना सांगितलं.

रूथबाई बाकावर बसल्या. वर मार्थाकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं. उद्या प्रार्थना झाली की मी चित्र न्यायला येते, त्या म्हणाल्या. काका म्हणाले, तुम्ही मोठ्या रस्त्यावर गाडी चालवत नाही, फोनवर तुम्हीच सांगितलं होतं. त्यावर रूथबाई म्हणाल्या, मोठा रस्ता व्हायच्या आधीही लोक कोलंबसला जात होते.

बाहेर आलो तर अंगणात तांब्याच्या मोठ्या काहिलीत काही बाया सफरचंदं आटवत होत्या, लांब दांड्यानं ढवळत. तो धूर, तो गोड करपट वास. क्षणभर मी आमच्या गुऱ्हाळावरच उभी होते. शनिवारचा माझा उपास, त्यामुळं सोबतचा पाव चालत नव्हता. पण हे फळच, म्हणून रूथबाईंनी बशीत घालून दिलेलं नुसतंच चाटून खाल्लं. सलील संध्याकाळी आला आणि पातेलं पुन्हा माझ्या मांडीवर बसून डब्लिनला निघालं.

रविवार, डब्लिन

काका म्हणाले, "जर्मन फळीवरून खाली आलंच आहे, तर कर त्यात काहीतरी." जर्मनमध्ये आंबट करत नाहीत. मी घरून नेलेल्या शेवयांची खीर केली. वरून ते चित्र बघत होतं. त्या दिवशी मी तिच्याकडं पुन्हा एकदा नीट पाहिलं. आम्ही दोघी एकाच हातानं काम करत होतो.

दुपार झाली. रूथबाई नाहीत. त्यांच्याकडं मोबाइल नव्हता. काका दर थोड्या वेळानं विचारत, गाडी आली का? मी खिडकीतून हलले नाही. ऐंशी वर्षांची बाई, अनोळखी रस्ता, आणि हे सगळं कशासाठी, तर एका शब्दासाठी. देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा एक जुना पिकअप ट्रक अगदी हळू आला, शेजारच्या दारात थांबला, मागं गेला आणि आमच्या दारात लागला. त्याही चुकीच्या दारात जातात हे बघून मला फार धीर आला. गावागावांतून आल्या होत्या, दोनदा चुकल्या होत्या, पेट्रोलपंपावर विचारत विचारत पोचल्या. उतरल्या तरी गाडीची किल्ली त्यांनी मुठीत घट्ट धरलेली होती. मी त्यांचे हात हातात घेतले. मला इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना मराठी, पण दोघींनाही घाबरायला येत होतं.

त्यांनी चित्र भिंतीवरून काढून खिडकीशी नेलं. तीळ पाहिला, हात पाहिला. मग चित्रातल्या खिडकीवर बोट ठेवलं. तिच्यातून पाणी दिसतं आणि पलीकडं रांगांनी काहीतरी लावलेली टेकडी. काका म्हणाले, आम्ही इतकी वर्षं ते तळं समजत होतो. रूथबाई म्हणाल्या, आमच्या भागात एवढं पाणी नाही, टेकडी तर नाहीच. ही नदी आहे आणि त्या द्राक्षाच्या रांगा आहेत. ही बाई ओहायोत बसलेलीच नाही.

म्हणजे त्यानं इथं बसून तिला तिथं काढलं होतं, आठवणीतून. आणि ती आली नाही तेव्हा छतावर आणून बसवली. खात्रीनं कोण सांगणार? रूथबाईही म्हणाल्या, असेलच असं नाही. पण हे म्हणताना त्यांनी चित्र छातीशी धरलं होतं.

काका म्हणाले, "मग ही आता त्याच्याजवळ पोचणार."

जेवायला बसलो. खीर पाहून रूथबाई म्हणाल्या, दुधातल्या शेवया त्यांची आजीही करायची, तीच लाल केसांची. मी उजव्या हातानं वाढली आणि थोडी टेबलक्लॉथवर सांडली. त्यांनी काकांना काहीतरी विचारलं. काकांनी मला सांगितलं, "त्या विचारतायत, तू चिरतेस डाव्या हातानं, मग वाढताना हात का बदलतेस?"

सांडलेलं पुसत मी नुसती हसले.

रात्री त्या मेधाकडं झोपल्या आणि सकाळी उजाडल्यावर काकांच्या दारातून निघाल्या. चित्र ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलं होतं. ट्रक सुरू झाल्यावर काकांनी मला हाक मारली, "शोभा, जर्मन आण." मी विचारलं, "कुठलं?" पुन्हा घोटाळा नको होता. ते म्हणाले, "हिचं. तू घासून पिशवीत घातलंस ते काही चूक नव्हतं. पोचू दे तेही." मी खिरीचं, धुऊन पुसून ठेवलेलं पातेलं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एकदा अंगठा नावावरून फिरवला आणि खिडकीतून रूथबाईंकडं दिलं.

काका बेलव्ह्यूला गेले. फोनवर म्हणतात, इथली नातवंडं इंग्रजीत उत्तर देतात, पण जर्मनची गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. मी डिसेंबरात गडहिंग्लजला परतले. मागून मेधानं एक फोटो पाठवला. त्या गावजेवणाच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, सफरचंद सोलणारी बाई भिंतीवर आहे आणि खालच्या फळीवर कुसुमकाकूंचं पातेलं. दरवर्षी सुगीनंतर तिथं गावपंगत बसते आणि त्या दिवशी पातेलं वापरात असतं, असं रूथबाईंनी कळवलंय.

रूथबाई, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवील. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही, आणि माझ्या एका शब्दापायी तुम्ही तुडवलेल्या वाटेचं ऋण माझ्या अंगावर आहे. मी येईन. एका सुगीनंतर येईन, घरच्या शेवया घेऊन. त्या जर्मनमध्ये खीर करीन आणि मार्थाच्या खाली उभी राहून तुमच्या पंगतीत पहिल्या माणसापासून शेवटच्या माणसापर्यंत वाढीन. डाव्या हातानं.